तेरा इलेक्ट्रॉन आणि हरवलेल्या सहा जागा

आलेखाच्या मधोमध एक कडा उभा होता. आडव्या अक्षावर ॲल्युमिनियमची घनता, उभ्या अक्षावर एका अणूमागे सरासरी किती इलेक्ट्रॉन सुटे झाले तो आकडा. तापमान १० इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे १ लाख १६ हजार केल्विन. विरळ वायूपासून सुरुवात करून घनता वाढवत नेली की हा आकडा आधी हळूहळू उतरतो, कारण सुट्या इलेक्ट्रॉनांना भटकायला जागा उरत नाही आणि ते पुन्हा अणूंत पकडले जातात. पुढे अणू एकमेकांना इतके खेटतात की बाहेरच्या कक्षाच टिकत नाहीत, आणि रेघ परत चढू लागते. माझी रेघही उतरली, वळली, आणि मग एका जागी सरळ उभी वर गेली. घनतेच्या दोन लगतच्या बिंदूंमध्ये जवळपास अर्ध्या इलेक्ट्रॉनची उडी.

मला फार आनंद झाला. दाबामुळे होणारं आयनीभवन, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटणं, म्हणतात ते हेच, आणि ते माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅममधून बाहेर आलंय, असं वाटलं. चौदा महिने मी त्या प्रोग्रॅमवर घालवले होते. आलेख छापून घेतला आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

त्या कड्यात दोन गोष्टी मिसळल्या होत्या. एक निव्वळ चूक होती. दुसरी चूक नव्हती, पण तिचा अर्थ मी लावला होता तो नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या करण्यात पुढचं वर्ष गेलं. घट्ट प्लाझ्माचं, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या दाट मिश्रणाचं, गणित स्वतः लिहायला बसलेलं माणूस याच जागी अडतं आणि शोधनिबंधांत ही जागा बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलेली असते, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आयनीभवनाशी माझी ओळख मेघनाद साहांच्या समीकरणातून झाली. दिलेल्या तापमानाला आणि घनतेला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतील, ते हे समीकरण सांगतं. १९२० साली त्यांनी ते मांडलं, सूर्याच्या वर्णावरणासाठी. तिथला वायू अतिशय विरळ असतो, प्रत्येक अणू आपापल्या जागी एकटा. तिथे ते समीकरण इतकं चोख चालतं की ताऱ्यांच्या वर्णपटांचं अख्खं कोडं त्याने सुटलं. एम.एस्सी.ला असताना मी तेच समीकरण सूर्याच्या केंद्राला लावून पाहिलं होतं. तापमान दीड कोटी केल्विन, घनता पाण्याच्या १५० पट, आणि सोपं जावं म्हणून सगळा हायड्रोजन धरला. उत्तर आलं की जवळपास ३० टक्के हायड्रोजन अजून अखंड अणूंच्या रूपात आहे. मग प्रोटॉन एकमेकांपासून किती लांब असतील ते काढलं. हायड्रोजनच्या साध्या अणूला जेवढा गोल लागतो, तेवढ्या गोलात तिथे पन्नासहून जास्त प्रोटॉन बसत होते. एका बिऱ्हाडाच्या खोलीत पन्नास जणांनी संसार मांडले, तर कोणतं माणूस कोणत्या घरचं हे कसं सांगायचं? त्या ३० टक्क्यांना काही अर्थच नव्हता. समीकरणाचा यात दोष नाही, ते ज्या जागेसाठी लिहिलं त्या जागेबाहेर मी ते नेलं होतं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पीएच.डी.चा विषय निवडायची वेळ आली तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

या प्रश्नाला जुनी उत्तरं आहेत. शेजारच्या आयनांमुळे आणि मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा कमी होते, आणि ती किती कमी होते याची दोन सूत्रं सगळे वापरतात: १९६३ चं एकर आणि क्रोल यांचं, आणि १९६६ चं स्ट्युअर्ट आणि पायट यांचं. विरळ प्लाझ्मात दोघांत फार फरक पडत नाही, घट्ट प्लाझ्मात पडतो. कितीतरी वर्षं हा फरक प्रयोगात थेट मोजताच येत नव्हता. मग २०१२ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डजवळच्या क्ष-किरण लेझरने ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा इतक्या झटक्यात तापवला की अणूंना जागचं हलायलाही वेळ मिळाला नाही. घनता घन धातूचीच, तापमान मात्र शंभराहून जास्त इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्या प्रयोगाचे आकडे एकर-क्रोलच्या बाजूने झुकले. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या ओरायन लेझरवर ॲल्युमिनियम दाबून आणि तापवून वर्णपट घेतले, आणि ते स्ट्युअर्ट-पायटशी जास्त जुळले. एकच धातू, दोन उत्तम प्रयोग, दोन निकाल. हे दोन्ही निबंध मी एका आठवड्यात पाठोपाठ वाचले. तापमान आणि घनता दोन्हीकडे वेगळ्या होत्या हे खरं, पण एवढ्याने सगळं भागत नाही. मला मुळातूनच सुरुवात करायची होती: सूत्र वापरायचं नाही, अणू गर्दीत ठेवायचा आणि त्याच्या कक्षा पुन्हा सोडवायच्या.

त्यासाठी मी सरासरी अणूचं प्रतिमान घेतलं. कल्पना सरळ आहे. घन ॲल्युमिनियमच्या एका घन सेंटिमीटरमध्ये ६ वर २२ शून्यं इतके अणू असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १.५८ अँग्स्ट्रॉम त्रिज्येचा गोल येतो. तो गोल घ्यायचा, मध्यभागी १३ प्रभाराचं केंद्रक, आणि गोलात बरोबर १३ इलेक्ट्रॉन. घनता कमी करायची तर गोल मोठा करायचा. इलेक्ट्रॉनांना कोणत्या ऊर्जेच्या कोणत्या कक्षा उपलब्ध आहेत ते श्रोडिंगरच्या समीकरणातून काढायचं, त्या तापमानानुसार फर्मी-डिरॅकच्या नियमाने भरायच्या, भरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे विद्युतविभव बदलतं म्हणून ते नव्याने काढायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून, दोन फेऱ्यांतला फरक नाहीसा होईपर्यंत. १९४९ मध्ये फाइनमन, मेट्रोपोलिस आणि टेलर यांनी कक्षांशिवायचं, थॉमस-फर्मी पद्धतीचं गणित अशाच गोलात तापमानासकट केलं होतं. कक्षांसकटचं, गोलाबाहेर नेऊन जोडलेलं रूप लिबरमन यांनी १९७९ मध्ये दिलं.

कागदावर हे दोन पानांत मावतं. फोर्ट्रानमध्ये लिहिताना जीव निघतो. केंद्रकाजवळ लहरफल (इलेक्ट्रॉन कुठे किती सापडेल ते सांगणारी लहर) फार वेगाने हलतं आणि कडेला संथ असतं, म्हणून त्रिज्येचे बिंदू आत दाट आणि बाहेर विरळ घ्यावे लागतात. नवीन विभव जसंच्या तसं घेतलं तर गणित हेलकावे खात सुटतं. जुन्यात नवं थोडंथोडं, पाचदहा टक्के, मिसळावं लागतं. पहिले पाच महिने तर मी फक्त एकट्या, थंड अणूच्या पातळ्या बरोबर येताहेत का हेच तपासलं. सरांचा आग्रह होता, आणि तेव्हा मला तो जाचक वाटायचा. पुढे त्याचाच आधार झाला, कारण चूक शोधायची वेळ आली तेव्हा निम्मा प्रोग्रॅम संशयाच्या बाहेर होता.

बद्ध, म्हणजे अणूला बांधलेल्या, कक्षा मोजक्या असतात: १एस, २एस, २पी, ३एस, ३पी. ऊर्जेचं शून्य म्हणजे इलेक्ट्रॉन अणूतून सुटण्याचा उंबरठा. त्याच्या वरच्या ऊर्जा मात्र सलग असतात, तिथे पायऱ्या नाहीत, उतार आहे. त्या उतारावर मी ठराविक अंतराने बिंदू घेतले होते, शून्यापासून २०० इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत ४००. दोन बिंदूंमध्ये अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट. १० इलेक्ट्रॉनव्होल्ट तापमानाला एवढं बारीक पुरेसं वाटलं.

सरांनी आलेख बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "थॉमस-फर्मीची रेघ कुठाय?" मी तीही काढलेली होती, ती गुळगुळीत होती. त्यात आश्चर्य नव्हतं, तिथे कक्षाच नसतात. मग त्यांनी दाबाचा आणि केमिकल पोटेन्शियलचा (इलेक्ट्रॉन साधारण कोणत्या ऊर्जेपर्यंत भरलेत ते ठरवणाऱ्या आकड्याचा) आलेख मागितला. ते काढून नेले, तर दोन्हींत त्याच घनतेला उडी. सर म्हणाले, "अगं, धातू पसरवत नेला तर त्याचा दाब मध्येच असा तुटेल का? इथे काही उकळत नाहीये, गोठत नाहीये."

मी म्हणाले, "पण सर, इलेक्ट्रॉन तेराच भरतात. प्रत्येक बिंदूला तपासलंय, सहाव्या दशांशापर्यंत."

"ते भरणारच. तू त्यांना भरायलाच लावतेस. इलेक्ट्रॉन राहू दे, जागा मोज."

हे वाक्य मला खोलीवर परत येईपर्यंत कळलं नव्हतं. कळलं तेव्हा रात्रीचं जेवण तसंच राहिलं. प्रोग्रॅममध्ये १३ हा आकडा मीच बांधून घातला होता: केमिकल पोटेन्शियल वरखाली करून बेरीज १३ आणायची, हाच त्याचा नियम. एखादी कक्षा गणितातून हरवली, तरी तिच्यातले इलेक्ट्रॉन दुसरीकडे कोंबून बेरीज जुळवली जाणार. बेरजेत चूक कधीच दिसणार नाही. एस.टी.त प्रवासी मोजून गाडीतली आसनं शाबूत आहेत की नाहीत हे कळत नाही, उभे करूनही माणसं नेता येतात. आसनंच मोजावी लागतात.

मग मी मोजली. ५० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली एकूण किती अवस्था आहेत, बद्ध आणि सलग दोन्ही धरून, प्रत्येक घनतेला. ही संख्या सावकाश बदलायला हवी. कड्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बिंदूत ती एकदम सहाने कमी झाली होती. अगदी सहा. ३पी कक्षेत नेमके सहा इलेक्ट्रॉन मावतात.

घनता वाढताना ३पीची ऊर्जा शून्याकडे सरकत होती. घन धातूच्या घनतेच्या बरंच अलीकडेच ती शून्य ओलांडून वर गेली. बद्ध कक्षांच्या यादीतून प्रोग्रॅमने तिला रीतसर काढलं. पण वरच्या उतारावर ती कुठे उगवलीच नाही. खरं तर ती उगवली होती. ज्या कक्षांना कोनीय संवेग असतो, त्यांच्याभोवती अपकेंद्री बलाचा एक बांध असतो. ३पी वर आली तरी त्या बांधामुळे तिचा इलेक्ट्रॉन लगेच निसटत नाही, काही काळ अणूपाशीच अडकून राहतो. ऊर्जेच्या अक्षावर अशी अवस्था उंच, चिंचोळ्या सुळक्यासारखी दिसते. आम्ही तिला रेझोनन्सच म्हणतो. उंबरठ्याच्या जितकी जवळ, तितकी चिंचोळी. माझा सुळका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या काही हजारांश भागांइतकाच रुंद होता, आणि माझे बिंदू अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या टांगा टाकत त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होते.

उपाय सोपा वाटला: बिंदू वाढवा. दहापट वाढवले. कडा जागचा हलला, गेला नाही. शंभरपट वाढवले तर घनतेचा एकेक बिंदू सोडवायला दिवस लागू लागला, आणि उंबरठ्याला अगदी चिकटून सुळका त्याहूनही चिंचोळा. आंधळेपणाने जाळं बारीक करत नेण्यात अर्थ नव्हता, सुळका कुठे आहे हे आधी कळायला हवं होतं.

पुस्तकी मार्ग म्हणजे कलांतर पाहणं. गोलाबाहेर पडणारी लहर, अणू नसता तर जशी असती त्याच्या किती पुढेमागे आहे, ते कलांतर. रेझोनन्समधून जाताना ते झपाट्याने π इतकं वाढतं. मी ते प्रत्येक ऊर्जेला काढत होतेच. आलेखात काहीच दिसेना, कलांतर सुळक्याच्या अलीकडे जेवढं तेवढंच पलीकडे. यात माझा दीड महिना गेला. कारण सापडलं ते एका ओळीत होतं: कलांतर मी व्यस्त टॅन्जंटने काढत होते, आणि टॅन्जंट दर πनंतर स्वतःला परत गिरवतो. मला शोधायची होती ती नेमकी πची उडी, आणि माझं मोजमाप नेमकी तेवढीच उडी गिळत होतं.

मग कोन सोडून मी लहरीचे छेद मोजायला लागले. केंद्रकापासून गोलाच्या कडेपर्यंत लहरफल किती वेळा शून्यातून जातं, ही पूर्ण संख्या असते आणि ती काही गिळत नाही. लगतच्या दोन ऊर्जांमध्ये छेद वाढला असेल, तर ते अंतर अर्धं करायचं, पुन्हा अर्धं, कलांतर सावकाश बदलताना दिसेपर्यंत. जिथे काही घडत नाही तिथे जाळं विरळच ठेवायचं. सुळका सापडला. त्याच्यावर बिंदू दाटीने बसले, आणि मोजल्या तर जागा भरल्या. बद्ध अवस्थांची संख्या आणि शून्य ऊर्जेचं कलांतर यांची सांगड घालणारं लेव्हिन्सनचं १९४९ चं प्रमेय मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या रात्री ते माझ्या पडद्यावर आकड्यांत उतरलेलं पाहिलं: बद्ध यादीतून एक कक्षा गेली की उतारावर बरोबर तेवढ्याच जागा जमा.

दाब गुळगुळीत झाला, केमिकल पोटेन्शियलही. आणि सुट्या इलेक्ट्रॉनांच्या आलेखातला कडा तसाच उभा होता.

तो क्षण मला नीट आठवतो, कारण आता प्रोग्रॅमवर संशय घ्यायला जागा नव्हती. इलेक्ट्रॉनांची गोलातली घनता मी कड्याच्या दोन्ही बाजूंना काढून एकावर एक ठेवली. दोन रेघा वेगळ्या दिसतच नव्हत्या. म्हणजे पदार्थात काहीही बदललं नव्हतं, तरी "सुटे किती" याचं उत्तर अर्ध्या इलेक्ट्रॉनने बदललं. उत्तर बदललं कारण मी मोजण्याची रीत ठरवली होती ती अशी: शून्याच्या खाली तो बद्ध, वर तो मुक्त. ३पी शून्याच्या केसभर खाली असताना तिच्यातले इलेक्ट्रॉन घरातले, केसभर वर गेली की बाहेरचे. प्रत्यक्षात ते दोन्ही वेळा केंद्रकापाशीच, तशाच गर्दीत.

आयनीभवनाची पातळी ही तापमानासारखी किंवा घनतेसारखी पदार्थाच्या अंगची राशी आहे असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पुंजयामिकीत तिच्यासाठी एकच एक ठरलेली राशी नाही. मोजायची रीत आपण निवडायची असते. मग दुसरी रीत वापरली: गोलाच्या अगदी कडेवर इलेक्ट्रॉनांची जी घनता आहे, तीच सगळ्या गोलभर पसरली असती तर किती इलेक्ट्रॉन झाले असते? या मोजणीत कडा नाही. रेझोनन्समधले इलेक्ट्रॉन कडेपर्यंत फारसे पोचतच नाहीत, म्हणून ते त्यात जवळजवळ येत नाहीत. माझ्या सगळ्या गणितांत हा आकडा पहिल्यापेक्षा कमी आला.

सरांना दोन्ही रेघा एका कागदावर दाखवल्या. बरोबर कोणती, असं मी विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "तुला पुढे काढायचंय काय? दाब, वहन की वर्णपट?" मला राग आला होता, हे प्रामाणिकपणे सांगते. तीन वर्षं एका आकड्यामागे धावल्यावर तो आकडा मधला मुक्काम आहे असं कुणी सांगितलं की राग येतो.

म्हणून मी तो आकडा लागतच नाही अशी वाट धरली. ६४ अणू एका घनात ठेवायचे, इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून गणित करणाऱ्या घनता फलन सिद्धांताने सगळ्यांचे इलेक्ट्रॉन एकत्र सोडवायचे, अणूंना बलानुसार हलवायचं आणि पुन्हा सोडवायचं. इथे कुणाचा इलेक्ट्रॉन कुणाचा हा प्रश्नच येत नाही, आणि विद्युतवाहकता थेट काढता येते. पण किंमत जबर आहे. तापमान वाढलं की हिशेबात धराव्या लागणाऱ्या पातळ्या त्याच्या दीडाव्या घाताने वाढतात, आणि गणिताचा वेळ साधारण पातळ्यांच्या घनाने. तापमान दुप्पट केलं तर वेळ वीस पटींहून जास्त. १० इलेक्ट्रॉनव्होल्टला जॉब रांगेत आठवडाभर थांबून चार दिवस चालायचा. ३० ला मी दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. सरासरी अणूचं माझं गणित तेच तापमान काही मिनिटांत सोडवतं, म्हणून ते टाकून देता येत नाही. १० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या टप्प्यात दोन्हीकडून वाहकता काढली. रेझोनन्सच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन अणूंवर जोरात विखुरतात, त्यामुळे वाहकता खाली येते. कडेची मोजणी आणि हे विखुरणं दोन्ही धरलं तेव्हा आकडे जवळ आले. शून्याच्या वरचे सगळे मुक्त धरले तेव्हा नाही.

प्रबंधात मी "मुक्त इलेक्ट्रॉन" असा एकच स्तंभ कुठेही ठेवला नाही. प्रत्येक तक्त्यात दोन आहेत, आणि कोणता कशाने मोजला ते शीर्षकातच लिहिलंय. एका परीक्षकांनी हे अनावश्यक म्हटलं. मी बदललं नाही.

आता बेरिलियमवर काम चालू आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीवरचा निबंध आला. तिथे बेरिलियमचं कवच जवळपास ३० पट दाबलं, तापमान वीस लाख केल्विनच्या आसपास गेलं, आणि सगळ्यात आतली १एस कक्षाही शेजाऱ्यांमुळे पसरू लागल्याच्या खुणा दिसल्या. आयनीभवन प्रचलित प्रतिमानांच्या अंदाजाहून जास्त निघालं. मला वाटलं, ३पीवर चाललेली युक्ती १एसवर लावू. लागत नाही. एस कक्षेला कोनीय संवेग नसतो, म्हणून बांध नाही, बांध नाही म्हणून सुळकाही नाही. ती शून्य ओलांडते आणि उतारावर पसरून जाते, दाटीने बिंदू बसवावेत अशी एक जागाच उरत नाही. छेद मोजून जागा भरतात का ते पाहिलं, तर भरतात, दोनच्या दोन, पण त्या ऊर्जेच्या मोठ्या पट्ट्यावर विखुरलेल्या. त्यातल्या किती अजून केंद्रकाच्या आहेत हे विचारायची तिसरी एखादी रीत लागणार. गेल्या आठवड्यात एक लिहिली आहे: कडेची घनता नव्हे, तर केंद्रकावरची. पहिले सहा जॉब रांगेत आहेत.